बालशिक्षणाच्या अग्रदूत ताराबाई मोडक



नवीन सत्र सुरू झाले की पालकसभेत एक प्रश्न हमखास विचारला जातो. नर्सरीतल्या मुलाची वही कोरी का? दुसऱ्या शाळेतील त्याच वयाचे मूल ए ते झेड लिहू लागले, मग आपल्या शाळेत ते कधी होणार? ही काळजी खरी आहे. फी भरणारा पालक हिशेब मागणारच, आणि वहीची भरलेली पाने हा डोळ्यांना दिसणारा सर्वांत सोपा हिशेब असतो. विश्वस्तांची चिंताही खरी आहे. करोंद भागात खासगी शाळा पुष्कळ आहेत आणि पालकांनी मूल काढून घेतले तर वर्ग रिकामे राहतात. म्हणून अभ्यासक्रमात काय असावे आणि काय नसावे, हा आपल्यासाठी पुस्तकी वादाचा विषय नाही. शाळा चालण्या-न चालण्याचा तो प्रश्न आहे.

याच प्रश्नाला एका मराठी स्त्रीने आपले अर्धे शतक दिले. त्यांचे नाव ताराबाई मोडक. १९ एप्रिल हा त्यांचा जन्मदिवस आपल्या सत्रारंभाच्या सुमारास येतो. त्या निमित्ताने त्यांचे जीवनचरित्र येथे देत आहोत.

जन्म आणि शिक्षण

ताराबाईंचा जन्म १८९२ साली मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव आणि आई उमाबाई हे दोघेही प्रार्थना समाजाच्या विचारांचे होते. मुलींनी शिकावे, जातिभेद पाळू नये, रूढीपेक्षा विवेकाला मान द्यावा, अशा वातावरणात त्या वाढल्या. ज्या काळी बहुतेक घरांत मुलींचे शिक्षण चौथीपाशी थांबत असे, त्या काळी, म्हणजे १९१४ साली, त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या.

पुढे अमरावतीचे वकील श्री. मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हा संसार टिकला नाही आणि १९२१ च्या सुमारास दोघे विभक्त झाले. पदरात लहान मुलगी होती. अशा स्थितीत स्त्रीने माहेरी आश्रय घ्यावा, हीच तेव्हाची रीत. ताराबाईंनी मात्र नोकरी धरली. राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजमध्ये, म्हणजे शिक्षिका घडवणाऱ्या संस्थेत, त्या प्राचार्या झाल्या. गाव परके होते आणि भाषा गुजराती होती. ती भाषा त्यांनी इतकी आत्मसात केली की पुढे तीत त्या लेखन आणि संपादनही करू लागल्या. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्या मराठी कुटुंबांना ही गोष्ट विशेष जवळची वाटेल. आपली भाषा न सोडता दुसऱ्या प्रांताची भाषा मनापासून आपलीशी करता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

भावनगरची नऊ वर्षे

त्याच काठियावाडात भावनगर येथे दक्षिणामूर्ती ही संस्था होती. नानाभाई भट्ट यांनी ती १९१० साली सुरू केली होती. तेथे गिजुभाई बधेका नावाचे गृहस्थ १९१६ साली आले. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसे शिकवावे, या विचारातून ते मारिया माँटेसरी यांच्या पुस्तकांकडे वळले आणि शेवटी त्यांनी वकिलीच सोडली. १९२० साली त्यांनी दक्षिणामूर्तीत बालमंदिर काढले. मुले आणि पालक प्रेमाने त्यांना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशा असलेली आई, म्हणत.

ताराबाईंनी राजकोटचे मानाचे पद सोडले आणि १९२३ साली त्या भावनगरला गिजुभाईंबरोबर काम करू लागल्या. तेथे त्या सुमारे नऊ वर्षे राहिल्या. या काळात जे काम झाले त्यावर भारतातील बालशिक्षणाचा पाया घातला गेला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

बालमंदिरात काय शिकवीत, हे आजच्या पालकांनी नीट समजून घेण्यासारखे आहे. माँटेसरीबाईंनी १९०७ साली रोममधील गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले होते. त्यांचे म्हणणे असे की लहान मूल हात आणि इंद्रिये यांच्या द्वारा शिकते, म्हणून त्याला हाताळायला वस्तू द्याव्यात. लहान-मोठे ठोकळे रचणे, रंगांच्या छटा लावणे, खडबडीत आणि गुळगुळीत ओळखणे, भांड्यातून भांड्यात पाणी ओतणे, बटणे लावणे, ही सारी कामे त्यांच्या अभ्यासक्रमात होती. वरवर पाहता हा खेळ आहे. परंतु बटण लावणारी आणि मणी ओवणारी बोटेच पुढे पेन्सिल धरतात. अक्षर कागदावर काढण्याआधी मूल खरकागदाच्या अक्षरावरून बोट फिरवते आणि त्याचा उच्चार ऐकते. डोळा, कान आणि हात तिन्ही एकाच वेळी शिकतात. अशी तयारी झालेले मूल लिहू लागते तेव्हा ते भराभर लिहिते, आणि त्याला लिहिण्याचा कंटाळा येत नाही. तयारीशिवाय तीन वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल दिली तर बोटे दुखतात, रेघ वाकडी येते, मोठी माणसे रागावतात आणि शाळा नकोशी होते.

गिजुभाई व ताराबाई यांनी ही पद्धत जशीच्या तशी उचलली नाही. गोष्टी, लोकगीते, नाटक, बागकाम, सहल आणि सण यांची त्यांनी तीत भर घातली. मार, भीती, बक्षीस आणि चढाओढ यांना बालमंदिरात जागा नव्हती. शिक्षक तयार करण्यासाठी अध्यापन मंदिर चालू झाले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. संघाची ‘शिक्षणपत्रिका’ आधी गुजरातीत निघे. तिच्या संपादनात ताराबाईंचा वाटा होता, आणि पुढे ती मराठीतही निघू लागली.

हिंदी भाषिक प्रदेशात हे विचार पोचवण्याचे श्रेय मुख्यतः आपल्याच मध्यप्रदेशातील श्री. काशिनाथ त्रिवेदी यांना जाते. गिजुभाईंची अनेक पुस्तके त्यांनी हिंदीत आणली. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे आम्ही ‘दिवास्वप्न’ हे पुस्तक प्रथम त्यांच्याच अनुवादातून वाचले. चौथीच्या वर्गावर एक शिक्षक वर्षभर प्रयोग करतो, अशी ती कथा आहे. आपल्या प्रत्येक शिक्षिकेने आणि शक्य तर प्रत्येक पालकाने ती वाचावी, असा आमचा आग्रह आहे.

दादरचे शिशुविहार

१९३२ नंतर ताराबाई मुंबईस परतल्या आणि १९३६ साली त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत ‘शिशुविहार’ सुरू केले. मराठी माध्यमाचे हे बालमंदिर लवकरच नावारूपाला आले. तेथेही शिक्षिकांच्या प्रशिक्षणाची सोय करण्यात आली. सुशिक्षित मध्यमवर्गीय पालकांना आपल्या मुलांकडे नव्या दृष्टीने पाहायला त्यांनी शिकवले. हट्ट करणारे मूल वाईट नसते, ते काहीतरी सांगू पाहत असते, हा विचार त्यांनी लेखांतून आणि पालकांशी बोलून रुजवला. ज्या मुलांसाठी घरी कोणी वेळ काढत नाही, त्यांच्याविषयी त्यांनी फार कळकळीने लिहिले.

येथेच त्या थांबल्या असत्या तरी त्यांचे नाव राहिले असते. पण शिशुविहारात येणारी मुले बहुतांशी सुखवस्तू घरची होती, आणि माँटेसरीची साधने महाग होती. ज्या देशात बहुसंख्य मुले खेड्यात राहतात तेथे हे शिक्षण मूठभर घरांपुरतेच राहणार का, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. महात्मा गांधींनी १९३७ साली नयी तालीमचा विचार मांडला होता. गावाकडचे, स्वस्त आणि श्रमाला जोडलेले शिक्षण हवे, हा त्याचा गाभा होता. ताराबाईंना तीच दिशा पटली.

बोर्डी : शाळा अंगणात गेली

१९४५ साली, वयाच्या ५३ व्या वर्षी, ताराबाई मुंबई सोडून बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या. हे गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. तेथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्याच वेळी त्यांना अनुताई वाघ ही सहकारी मिळाली. अनुताई बालविधवा होत्या. लहान वयात आलेले दुःख बाजूला सारून त्या शिकल्या आणि शिक्षिका झाल्या होत्या. पुढची २८ वर्षे, ताराबाईंच्या अखेरपर्यंत, गुरु-शिष्येची ही जोडी एकत्र राबली.

बोर्डीत पहिली अडचण ही आली की गरीब वस्तीतील मुले बालवाडीत येतच ना. आई-वडील पहाटे कामावर जात. मोठी मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन बसे. पोहोचवायला कोणी नाही आणि अंगावर धड कपडे नाहीत. अशा वेळी पालकांना दोष देणे सोपे होते. ताराबाईंनी दोष न देता शाळेचीच जागा बदलली. मूल बालवाडीत येत नाही तर बालवाडी मुलाच्या अंगणात नेऊ, असे त्यांनी ठरवले. शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या. मुलांना नाहू घालणे, केस विंचरणे, नखे कापणे हाच तेथला पहिला पाठ होता. मग गाणी, गोष्टी, मोजणे आणि ओळखणे. आज खेड्यापाड्यांत ऐकू येणारा ‘अंगणवाडी’ हा शब्द या प्रयोगातून आला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले. मध्यप्रदेशातील अंगणवाड्यांनाही आपण त्याच नावाने ओळखतो. हा शब्द कोणाच्या अंगणातून आला, हे आपल्या मुलांना माहीत असावे.

महाग साधनांचा प्रश्नही त्यांनी तेथेच सोडवला. चिंचोके, शिंपले, खडे, पाने, बिया, माती, काड्या, जे गावात मिळते तेच साधन. मोजायला दहा चिंचोके पुरतात. लहान-मोठे समजायला पाने पुरतात. माँटेसरीबाईंचे तत्त्व त्यांनी ठेवले आणि पेटी बदलली.

कोसबाडची टेकडी

१९५७ साली हे काम डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर नेण्यात आले. ताराबाई तेव्हा ६५ वर्षांच्या होत्या. आजूबाजूला वारली आदिवासींचे पाडे होते. तेथे शाळा म्हणजे काय हेच अनेक घरांत ठाऊक नव्हते. आठ-दहा वर्षांचा मुलगा गुरे चारायला जाई आणि मुलगी भावंडे सांभाळी.

यावर ताराबाई व अनुताई यांनी दोन उपाय काढले. पहिला विकासवाडीचा. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात ठेवायची. त्यामुळे मोठी बहीण तान्ह्या भावाला पाळणाघरात ठेवून स्वतः वर्गात बसू शके. ज्या कारणाने ती शाळेला मुकत होती ते कारणच शाळेने आपल्या आत घेतले. दुसरा उपाय कुरणशाळेचा. गुरे सोडून मुले वर्गात येऊ शकत नाहीत, तर शिक्षकाने कुरणावर जायचे. गुरे चरत असत आणि झाडाखाली शिकणे चाले. दिवसभर ज्यांना वेळ नसे त्यांच्यासाठी रात्रीचे वर्ग असत.

येथे भाषेचाही प्रश्न होता. वारली मुलांची घरची बोली आणि पाठ्यपुस्तकातील मराठी यांत पुष्कळ अंतर आहे. मूल बोलत नाही म्हणून ते मंद आहे असा समज अशा वेळी सहज होतो. प्रत्यक्षात आपली बोली येथे चालेल की नाही, या शंकेने ते गप्प बसलेले असते. म्हणून मुलाच्या बोलीला, त्याच्या गाण्यांना आणि नाचाला आधी जागा द्यायची आणि मग हळूहळू पुस्तकाकडे न्यायचे, ही कोसबाडची रीत होती.

भारत सरकारने १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण देऊन गौरविले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी, ८१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. कोसबाडचे काम अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरपर्यंत, पुढे चालवले.

आपल्या शाळेसाठी बोध

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ताराबाईंचे चरित्र वाचून नुसते नमस्कार करून भागणार नाही. अभ्यासक्रम ठरवताना त्याचा उपयोग झाला पाहिजे.

त्यांनी जे १९२३ पासून केले, तेच आज देशाचे धोरण झाले आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये तीन ते आठ वर्षे हा एक पायाभूत टप्पा मानला आहे, म्हणजे पूर्वप्राथमिकची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी. या टप्प्यात खेळ, कृती आणि गोष्टी यांच्या द्वारा शिकवावे, असे त्यात म्हटले आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये या टप्प्याचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडाही प्रसिद्ध झाला. शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवावे, असाही धोरणाचा आग्रह आहे. पुष्कळ पालकांना वाटते की नर्सरीत लिहिणे झाले नाही तर पहिलीत प्रवेश मिळणार नाही. त्यांनी हे लक्षात घ्यावे की शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १३ नुसार प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची चाचणी घेण्यास मनाई आहे.

म्हणून या सत्रातही नर्सरीत लेखी काम आणि परीक्षा राहणार नाही. त्याऐवजी माती, मणी, ठोकळे, पाणी ओतणे, गाणी, गोष्टी आणि रोज मैदानावरचा खेळ राहील. केजीच्या पहिल्या वर्षी खरकागदाची अक्षरे आणि वस्तूंनी मोजणी, दुसऱ्या वर्षी हात तयार होईल त्याप्रमाणे लेखन. पहिली-दुसरीत वाचन, लेखन आणि गणित पक्के करण्यावर भर राहील. वर्गात मराठी, हिंदी आणि बुंदेली बोलणारी मुले एकत्र बसतात. मुलाने आधी आपल्या घरच्या भाषेत बोलावे, शिक्षिकेने ते ऐकावे, आणि तेथून इंग्रजीकडे न्यावे. इंग्रजी सुटणार नाही, फक्त ती भीतीने शिकवली जाणार नाही.

पालकांना आमची विनंती आहे की कोरी वही पाहून मुलाला रागावू नये. महिन्यातून एकदा वर्गात येऊन तासभर बसावे आणि मूल काय करते ते स्वतः पाहावे. मूल आपणहून चपला जोडीने ठेवते का, गोष्ट क्रमाने सांगते का, पाच वाट्या मोजून मांडते का, हे घरी पाहावे. त्याच्या प्रगतीचा हिशेब तेथे सापडेल. शाळाही दर तीन महिन्यांनी प्रत्येक मुलाची अशी नोंद पालकांच्या हाती देईल, कारण हिशेब मागण्याचा पालकांचा हक्क आम्हाला मान्य आहे.

विश्वस्त मंडळींपुढे आमचे म्हणणे एवढेच की या अभ्यासक्रमाला मोठा खर्च लागत नाही, शिक्षिकांचे प्रशिक्षण मात्र लागते. चिंचोके आणि शिंपले यांवर ताराबाईंनी शाळा चालवली, पण शिक्षिकेच्या तयारीत त्यांनी कधी काटकसर केली नाही. भावनगर असो, दादर असो की कोसबाड, बालकांच्या वर्गाबरोबर शिक्षिकांचे शिक्षण त्यांनी महत्त्वाचे मानले. अंदाजपत्रक करताना इमारतीच्या रंगाआधी या बाबीचा विचार व्हावा. काही पालक मूल काढून नेतील, हा धोका आहे. तो पत्करावा लागेल. जे राहतील त्यांची मुले तिसरी-चौथीत कशी वाचतात, हीच पुढे शाळेची खरी जाहिरात होईल.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठीही ताराबाईंच्या चरित्रात एक काम आहे. आपल्याजवळ करोंदची मोठी मंडी आहे. सुटीच्या दिवशी आई-बाबांबरोबर तेथे जा. कांद्याची एक गोणी किती किलोची, एका क्विंटलमध्ये अशा किती गोण्या बसतील, भाव किलोचा सांगतात की क्विंटलचा, भाज्यांना मराठीत काय म्हणतात आणि हिंदीत काय, हे सारे विचारून वहीत लिहून आणा. चौथी आणि पाचवीच्या मुलांनी आणलेल्या नोंदी पुढच्या अंकात छापू. कोसबाडच्या मुलांना कुरण मिळाले होते, तुम्हाला मंडी मिळाली आहे. तिचा उपयोग करून घ्या.

ताराबाईंच्या स्मृतीस आपल्या शाळेच्या वतीने सादर प्रणाम. सर्व विद्यार्थ्यांना नवीन सत्राच्या हार्दिक शुभेच्छा.

— प्राचार्य